गुलमंडीची भिंत आणि आपला फळा

गुलमंडीवर कुणी चित्रं बघायला जात नाही. माणसं जातात ती कापडचोपड घ्यायला, लग्नाचा बस्ता बांधायला, नाहीतर नुसतंच चौकात उभं राहून शहराची हवा कुणीकडं वाहतेय ते बघायला. मी बी तसाच जातो. पाळी सुटली, डोक्यातला कापूस झटकला, की पैठणगेटला उतरतो. टिळकपथावरून गुलमंडी, पुढं मछलीखडक, सिटी चौक, असं करत भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी जातो आणि तिथून वस्तीत. एवढ्या वाटेत जे रंगवलेलं, लिहिलेलं, टांगलेलं, रेखलेलं दिसतं, त्याची ही समीक्षा आहे.

कुणी म्हणेल, भिंतीची कसली समीक्षा करतो? दोस्तहो, पुस्तकांची समीक्षा आपण लई केली. याच शहरातून गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं, त्या मिलिंदच्या आवारात दलित साहित्यावर वाद झडले. ते लागत होतं म्हणून झालं. प्रस्थापितांच्या कथा-कादंबऱ्यांत आपण कुठं आहोत हे हुडकण्यात आपल्या पिढ्यांचे डोळे गेले. पण आपल्या वस्तीतली बहुसंख्य माणसं कादंबरी वाचत नाहीत, भिंत वाचतात. ज्याला अक्षर येत नाही तो बी भिंतीवरचा रंग, चेहरा, झेंडा वाचतो आणि त्यावरून ठरवतो की ही गल्ली आपली आहे का नाही. एवढी ताकद ज्या कलेत आहे तिच्याबद्दल आपल्या नियतकालिकांत एक पान नाही. ही आपली चूक आहे.

सरकारदरबारी भिंतीसाठी दोन शब्द चालतात. एक विद्रूपीकरण, दुसरा सुशोभीकरण. सार्वजनिक मालमत्तेच्या विद्रूपीकरणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५ सालचा आहे. परवानगीवाचून भिंतीवर काही लिहिलं, चिकटवलं की गुन्हा. परवानगीनं, टेंडर काढून रंगवलं की सुशोभीकरण. म्हंजे रूप चांगलं का वाईट हे चित्रावरून ठरत नाही, कागदावरून ठरतं. मला कायदा मोडा असं सांगायचं नाही. कुणाच्याही घराची भिंत खराब करावी असं बी माझं म्हणणं नाही. पण समीक्षकानं हे दोन शब्द जसेच्या तसे गिळू नयेत. त्यानं भिंतीला चार सवाल टाकावेत. हे चित्र कुणी काढायला सांगितलं? कुणाच्या हातानं काढलं? त्यात या गल्लीत रोज घडतं त्यातलं काही आहे का? आणि बघणाऱ्याला त्यावर उलटून काही बोलता येतं का? माझ्या समीक्षेच्या पोतडीत एवढीच हत्यारं आहेत. त्यांनीच बघतो.

आधी सुशोभीकरण घेऊ. २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ ला या शहरात जी-२० देशांच्या महिला गटाची, म्हंजे डब्ल्यू-२० ची, पहिली बैठक झाली. परदेशी पाहुण्या येणार म्हणून त्याआधी शहर नटवण्यात आलं. रस्ते धुतले, दुभाजक रंगवले, भिंतींवर चित्रं चढली. तेव्हापासून, आणि स्वच्छतेच्या मोहिमांपायी त्याच्या आधीपासूनही, रंगीत भिंतींची एक ठरलेली भाषा झाली आहे. अजिंठ्याचा बोधिसत्त्व, मकबऱ्याचा घुमट, दरवाजांच्या कमानी, वारली माणसांचा फेर, फुलं, पाखरं आणि खाली स्वच्छतेची घोषणा. चित्रं काढणाऱ्या पोरापोरींच्या हाताला मी नावं ठेवत नाही. त्यातल्या काहींचा हात लई चांगला आहे. उन्हात परांचीवर बसून काम करणं काय असतं ते कामगाराला सांगावं लागत नाही. माझं भांडण चित्र निवडणाऱ्या डोळ्याशी आहे.

अजिंठ्याचंच बघा. भिंतीवर उतरवायला सगळ्यांना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहिजे. हातात कमळ, डोक्यावर मुकुट, झुकलेली नजर. तो थोर आहेच, पण अजिंठा तेवढाच नाही. सतराव्या लेण्यात वेस्संतर जातक रंगवलेलं आहे. सगळं दान करून बसलेला तो राजपुत्र घरदार सोडून निघतो आणि बायको-लेकरांसंगं रथातून बाजारपेठेतून जातो. त्या बाजारात दुकानं आहेत, दुकानात माणसं आहेत, आपापल्या धंद्यात आहेत. दीड हजार वर्षांमागं डोंगरातल्या अंधारात काम करणाऱ्या चित्रकाराला बाजार रंगवावासा वाटला. त्याला ठाऊक होतं की दुःख आणि दान रस्त्यावरच्या माणसांमधूनच जातं. आता सांगा, अजिंठ्याचा खरा वारसा आज चालवायचा तर काय रंगवलं पाहिजे? गुलमंडीचा बाजार. कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल, दुकानाच्या पायरीवर दिवसभर उभी राहणारी सेल्सगर्ल, पहाटे चौक झाडणारी बाई, चहाचे ग्लास धुणारं पोरगं. आपल्या भिंती राजपुत्राला घेतात आणि बाजार सोडून देतात. लेण्यातून नेमकं तेवढंच उचलतात जे पर्यटनाच्या कागदावर छापता येतं.

आणखी एक. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचं दान करणाऱ्याचं नाव आपल्याला कळतं. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्याचा लेख तिथं कोरलेला आहे. ज्यांनी भिंतीला माती-भुशाचा लेप दिला, वर चुन्याचा हात फिरवला, गेरू, काजळी आणि लांबून आलेल्या निळ्या दगडाची पूड घोटून ते डोळे काढले, त्यांचं नाव कुठं आहे? पैसा देणाऱ्याचं नाव राहतं, राबणाऱ्याचं पुसलं जातं. ही रीत गुलमंडीवरच्या फ्लेक्सपर्यंत जशीच्या तशी आली आहे. तिच्याकडं मी पुन्हा येतो.

वारलीची गत याहून वाईट. पालघर-ठाण्याकडच्या वारली बाया लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. जिव्या सोमा मशेंनी ती कला कागदावर आणली, जगात नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याच वारल्यांनी १९४५ साली जमीनदारांची वेठबिगारी नाकारून लाल बावट्याखाली बंड केलं होतं. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं आहे. शहरांच्या भिंतींवर वारली माणूस नुसता नाचतो. त्याच्या हातात तारपा दिला जातो. वेठ नाकारणारी त्याची मूठ कुणी काढत नाही. ज्याला नाचवता येतं तेवढाच आदिवासी आणि ज्याच्यापुढं डोळे मिटता येतात तेवढाच बुद्ध, अशी ही निवड आहे.

आता खालची घोषणा वाचू. स्वच्छ शहर, सुंदर शहर. आपल्याकडं भिंतीवर देवादिकांची चित्रं लावायचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे. लोकांनी तिथं लघवी करू नये. म्हंजे देव बसवला तो पहारेकरी म्हणून. उद्या बोधिसत्त्वाला बी त्याच कामाला लावतील. करुणेच्या मूर्तीला मुतारीचा वॉचमन करणं हा कलेचा अपमान आहेच. पण त्याहून मोठा खोटेपणा असा की, भिंत स्वच्छ राहते ती चित्रामुळं, असं दाखवलं जातं. शहर साफ राहतं ते झाडणाऱ्या हातांमुळं. ते हात बहुतेक कुणाचे आहेत, सांगायची गरज नाही. हातानं मैला उपसण्याविरुद्ध २०१३ साली नवा कायदा झाला. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की गटारात जीव गेला तर घरच्यांना ३० लाख द्या. कायदा असून मरण थांबलं नाही म्हणून मरणाची भरपाई वाढवावी लागली. एवढी गोष्ट एका बी ‘स्वच्छ’ भिंतीवर मला दिसली नाही. महिलांच्या बैठकीसाठी ज्या बायांनी रात्रीतून रस्ते झाडले त्यांचं एक चित्र मला हवं होतं. गाडगेबाबा आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे. तिथं झाडणारा आणि बोलणारा एकच होता. म्हणून ते कीर्तन म्हंजे माझ्या लेखी या मुलखातली सगळ्यात मोठी रस्त्यावरची कला. आपल्या भिंतींनी खराटा घेतला, बोलणं काढून टाकलं.

भिंतीत काय ताकद असते हे या शहराएवढं दुसऱ्या कुणाला कळू नये. १९८५ साली शिवसेनेची मराठवाड्यातली पहिली शाखा गुलमंडीवर उघडली. शाखा म्हंजे काय? एक खोली, एक झेंडा आणि बाहेर एक फलक. १९८८ साली बाळासाहेब ठाकऱ्यांनी शहराला संभाजीनगर म्हणायचं जाहीर केलं. सरकारी कागदावर ते नाव २०२३ साली आलं. मधली पस्तीस वर्षं ते कुठं होतं? फलकांवर, भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर, मंडळांच्या कमानींवर. लिहिणारे लिहीत राहिले, वाचणाऱ्यांची जीभ वळत राहिली, आणि गॅझेट शेवटी आलं. त्या राजकारणाबद्दल ज्याचं जे मत असेल ते असो. फलक काय करू शकतो ते त्यांनी ओळखलं होतं, आणि ते आपण शिकून घेतलं पाहिजे.

शिकून घेतलं पाहिजे असं म्हणताना मला लाजच वाटते, कारण हे आपल्याला आधीच येत होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्या ठरावाची किंमत म्हणून मराठवाड्यात आपली घरं जळाली. पोचीराम कांबळेंचा जीव गेला. १९९३ साली नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या सोळा वर्षांत आपल्या माणसांनी भिंतीवर काय काय लिहिलं ते वस्तीतली जुनी माणसं सांगतात. एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात काडीला बांधलेली चिंधी, आणि गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याला एक जण. अक्षरं वाकडी, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण सकाळी उठून ज्यानं वाचलं त्याच्या अंगावर काटा आला. एकाच शहरात दोन नावं आधी भिंतीवर आली आणि मग सरकारी कागदावर. फरक एवढाच की आपलं नाव लिहिलं म्हणून घरं पेटली. आज गुलमंडी ते भडकल गेट या अख्ख्या वाटेत मला पोचीराम कांबळे कुठं रंगवलेले दिसले नाहीत. दरवाजे रंगवले, कमानी रंगवल्या. ज्या गेटपुढं १४ जानेवारीला लोक डोकं टेकवतात ते विद्यापीठाचं गेट कुणी रंगवलं? रिक्षावाल्यानं, आपल्या रिक्षाच्या मागं, आपल्या पैशानं. या शहरातलं नामांतराचं खरं स्मारकचित्र कुठं असेल तर ते रिक्षांच्या पाठीवर आहे, ट्रॅफिकच्या धुरात फिरतंय.

इथवर दुसऱ्यांचं झालं. आता आपलं.

१४ एप्रिलच्या आधी आठ दिवस गुलमंडीवर या, नाहीतर कुठल्याही आपल्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहा. वीस बाय दहाचा फ्लेक्स. डाव्या कोपऱ्यात बाबासाहेब, जरा लहान. मधे भाऊ, लई मोठे, गॉगल लावलेले, हात जोडलेले. खाली शुभेच्छुकांची तीन ओळींत पंचवीस मुंडकी, पासपोर्ट साइजची. एक बी बाई नाही. असलीच तर भाऊंची मंडळी, ती बी निवडणूक राखीव असली तरच. कुणी तयार केलं त्याचं नाव नाही, छापखान्याचा नंबर तेवढा आहे. वराहदेवाची रीत ती हीच. दान देणाऱ्याचं नाव मोठं, बाकीचे गुडूप. माझ्या चार सवालांवर हा फ्लेक्स घासून बघा. काढायला सांगितलं भाऊंनी. काढलं मशीननं. त्यात वस्तीत घडलेलं काय आहे? भाऊंचा वाढदिवस. उलटून काय बोलता येतं? काही नाही. फाडला तर मारामारी. सरकारी भिंतीला नापास करणारी फूटपट्टी आपल्या फ्लेक्सला बी नापास करते. मग सरकारी भिंतीवर ओरडायचा हक्क आपल्याला कुठून आला? प्रस्थापितांची चित्रकला आपल्या डोक्यात घुसली आहे. नुसता रंग निळा केला म्हणून ती आंबेडकरी होत नाही.

निळ्याचं बी सांगतो. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभी राहिली आणि निळा झेंडा आपला झाला. तो रंग संघटनेचा आहे. फ्लेक्सवाल्यानं मागचं आभाळ भरायला वापरावा यासाठी तो आलेला नाही.

आमच्या वस्तीत एक पेंटरमामा आहेत. साठीच्या पुढचे. गुलमंडीवरच्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. फ्लेक्सचं मशीन आलं आणि चार-पाच वर्षांत त्यांचं काम गेलं. आता कधीमधी ट्रकच्या मागं लिहायला बोलावतात, एरवी चुना मारायची मजुरी. एकदा विहाराच्या पाटीचं काम करताना मी त्यांच्याजवळ बसलो होतो. सुतळी खडूत घोळून दोघांनी ताणून धरायची आणि टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. मग खारीच्या केसांचा ब्रश. मी विचारलं, मामा, आधी काय काढता? म्हणले, “जय भीम लिहायचं आसंल तर मी ‘भी’ची वेलांटी आधी मारून घेतो बाबा. ती भरपूर पायजे. मंग बाकीचं अक्षर तिच्या सावलीत बसवायचं. मशीनमंदी समदी अक्षरं एका मापाची, कुणी कुणाला सावली देत नाय.” सौंदर्यशास्त्राची जाड पुस्तकं मी वाचायचा प्रयत्न केला, निम्मी कळली नाहीत. हे मात्र कळलं. अक्षराला बी संघटना लागते. मामांच्या त्या पाटीवर खाली कोपऱ्यात त्यांचं नाव नव्हतं. मी म्हणलं, नाव टाका. लाजले. शेवटी बारीक अक्षरात टाकलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

दुसरी कला आपल्या बायांची. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजायच्या आधी वस्तीतल्या दारादारांत रांगोळी पडते. अशोकचक्राचे आरे मोजून चोवीस, बोधिवृक्षाचं पान, कुणी एखादी पोरगी तर चाळणीनं रंग चाळून बाबासाहेबांचा चष्म्यासकट चेहरा काढते. कुणी सांगितलेलं नसतं, पैसे मिळत नाहीत, शेजारीण येऊन “नाक उलीसं वाकडं झालं गं” म्हणू शकते आणि ते लगेच सुधारतं. चारी सवालांवर पास होणारी ही एकच कला मला सगळ्या वाटेत सापडली. आणि आपण काय करतो? मिरवणुकीचा ट्रक, त्यावरचा डीजे आणि आपलेच पाय पहिल्या तासाभरात तिच्यावरून जातात. सावी सावरकरांनी गळ्यातल्या मडक्यासकट आणि कमरेच्या झाडूसकट अस्पृश्याला कॅनव्हासवर उभं केलं, तेव्हा आपण मान ताठ करून ती चित्रं बघितली, बघायलाच पाहिजेत. दारातल्या रांगोळीला मात्र आपण कला म्हणायला तयार नाही, कारण ती बाईनं काढली आणि ती सांजेला पुसली जाते.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण आपण पँथरचं नाव घेतो. १९६७ साली अमेरिकेत शिकागोच्या काळ्या वस्तीत एका जुनाट इमारतीच्या भिंतीवर काळ्या चित्रकारांनी आपली माणसं रंगवली. मुहम्मद अली, माल्कम एक्स, गाणारी नीना सिमोन, आणि ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं होतं ते डुबॉइस. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ म्हणायचे त्या भिंतीला. तिच्यापुढं कविता वाचल्या गेल्या, गाणी झाली, सभा झाल्या. १९७१ साली आग लागली, मग इमारत पाडली, भिंत गेली. पण तिचं बघून दुसऱ्या शहरांतल्या वस्त्यांनी आपापल्या भिंती रंगवल्या. ब्लॅक पँथर पक्षाच्या पेपरात एमोरी डग्लस चित्रं काढायचा, त्यात म्हातारी बाई, फाटके बूट, उंदीर असलेली खोली, सगळं वस्तीतलं. लोक ते पान काढून भिंतीला डकवायचे. १९७२ साली आपल्याकडं दलित पँथर झाली, नाव तिथून आलं. डरकाळी घेतली, चिकटवायची खळ घ्यायची राहिली.

आता फळ्याचं. मला मुळात त्याच्याबद्दलच लिहायचं होतं.

आमच्या विहाराच्या बाहेर सिमेंटचा एक काळा फळा आहे. असे फळे महाराष्ट्रात चौकाचौकांत होते, मंडळांचे, शाखांचे, तालमींचे. कुणाचं निधन, कुणाचा साखरपुडा, कुठली सभा, दहावीत कोण पास झालं. आमच्या फळ्यावर सगळ्यात जास्त वाचली जायची ती ओळ पाण्याची. या शहरात वर्षानुवर्षं कितीतरी दिवसांआड नळ आलेल्या वस्त्या आहेत, त्यातली आमची एक. चारशे वर्षांमागं मलिक अंबरनं, लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबश्यानं, या गावाला नहरीचं पाणी आणलं आणि १६१२ साली भडकल दरवाजा बांधला. त्याच दरवाजापुढं आपण बाबासाहेबांना हार घालतो आणि घरी येऊन “पाणी परवा पहाटे ४ ला” ही ओळ वाचतो. ही ओळ माझ्या मते गुलमंडीवरच्या सगळ्या रंगीत भिंतींपेक्षा जास्त वाचली गेलेली रचना आहे. बाया ती वाचून कामाच्या वेळा फिरवतात.

गेल्या पावसाळ्यात मी त्या फळ्यावर एक ओळ लिहिली. वस्तीतल्या काही बाया एका ठेकेदाराकडं झाडकामाला जातात. त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. मी लिहिलं, किती बाया, किती दिवस, किती पैसे. बाकी काही नाही, घोषणा नाही, शिवी नाही. संध्याकाळपर्यंत लोक थांबून थांबून वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी फळा दिसेना. त्याच्यावर फ्लेक्स बांधला होता, वाढदिवसाचा. आपल्याच माणसाचा. मी विचारायला गेलो तर म्हणला, “अरे भाऊ, एवढी मोठी भिंत दुसरीकडं कुठं हाय? आन् ते पगाराचं फळ्यावर कशाला, मी बोलतो ना ठेकेदाराशी. वस्तीची बदनामी होती.” मी गप बसलो. त्याचा राग मला आजही माझ्यावरच येतो. तिसऱ्या दिवशी त्या बायांपैकी एक मावशी मला म्हणली, “पोरा, आमचं लिव्हलेलं कुठं गेलं?” तिला वाचता येत नाही. पण आपलं तिथं लिहिलंय हे तिला माहीत होतं, आणि ते गेलंय हे बी.

दोस्तहो, त्या मावशीचा सवाल हीच माझी समीक्षा आहे. सुशोभीकरणानं आपलं लिहिलेलं झाकलं, हे खरं. आपल्या फ्लेक्सनं बी झाकलं, हे त्याहून जास्त बोचणारं खरं. फ्लेक्स मी सोडवला, पण आठ दिवसांनी, जत्रा उठल्यावर. तोवर पावसानं खडू धुऊन गेला होता. ओळ पुन्हा लिहिली. पगार पुढं मिळाला तो त्या चौदा बाया एका सकाळी कामावर गेल्या नाहीत म्हणून. फळ्यामुळं मिळाला असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी चौदाजणी एकत्र बसल्या त्या फळ्याखाली.

म्हणून कविता करणाऱ्या, नाटक करणाऱ्या, मोर्चात पुढं असणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांना माझं म्हणणं आहे. येत्या जयंतीला वर्गणीतून एक फ्लेक्स कमी करा. त्या पैशात वस्तीतल्या जुन्या पेंटरला हुडका, विहाराची एक भिंत, आपल्या हक्काची, रीतसर विचारून, त्याला द्या. त्यावर पोचीराम कांबळे काढा, झाडणारी मावशी काढा, गुलमंडीचा हमाल काढा, आणि खाली पेंटरचं नाव मोठ्या अक्षरात टाका. रांगोळीच्या गल्लीतून ट्रक नेऊ नका. आणि फळा काळा करून घ्या. काळा रंग आणि खडूची पेटी, एवढाच खर्च आहे. एका पोरानं आणि एका पोरीनं मिळून रोज दोन ओळी लिहायच्या. एक पाण्याची. दुसरी कोणती ते बायांना विचारून.